एकशे बेचाळीस सेंटिमीटर

भिंतीवरची रेघ जमिनीपासून एकशे बेचाळीस सेंटिमीटरवर होती. मी ती तीन ठिकाणी मोजली: दाराजवळ, कोपऱ्यात आणि समोरच्या भिंतीवर खुंट्यांच्या खाली. तिन्ही आकडे अर्ध्या सेंटिमीटरच्या आत जुळले. रेघेच्या वर दोन बोटं रुंदीचा फिकट पट्टा होता. ते चुन्याने वर शोषून घेतलेलं पाणी होतं, म्हणून तो मी धरला नाही. गडद भागाची वरची कड धरली. खुंटीला एक कॅलेंडर अजून लटकत होतं. जुलैच्या पानाचा खालचा अर्धा भाग गळून गेला होता.

दाराची रुंदी पंचाहत्तर सेंटिमीटर भरली. दार बाहेर उघडणारं होतं. ते मी वहीत नोंदवलं.

शेजारची बाई उंबऱ्यात उभी राहून माझ्याकडे पाहत होती. "सरकारी हो?" तिने विचारलं.

मी मान हलवली.

"अब नापने से क्या होगा, बहनजी? तब नापतीं."

गोपालपुऱ्याच्या पलीकडे, नाल्याच्या वळणावर ही बस्ती आहे. २७ जुलै २००६ रोजी संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी तिथे पाणी शिरलं. सात माणसं गेली. त्यांतली तिघं या खोलीत होती. मी गेले तेव्हा सप्टेंबरचा दुसरा आठवडा चालू होता आणि खोलीला नवीन भाडेकरू अजून मिळालेला नव्हता.

मी जयपूरमधल्या एका सरकारी संशोधन संस्थेत काम करते. मूळची मिरजेची. पदार्थविज्ञानात एम.एस्सी. केलं आणि वसंतराव हरकरे सरांनी मला इथे घेतलं. सर वर्ध्याचे. नोकरीमुळे पंचवीस वर्षांपूर्वी इकडे आले आणि इथलेच झाले. शहरावर पाऊस पडला की कोणत्या नाल्यात किती वेळाने किती पाणी येईल हे सांगणारा प्रोग्राम त्यांनी लिहिला होता. प्रोग्राम उत्तम होता, पण साध्या संगणकावर एका पावसाचं उत्तर द्यायला त्याला तीन तास दहा मिनिटं लागत. पाणी त्याआधीच येऊन जाई. २००३ साली संस्थेने एक जुनं वेक्टर यंत्र घेतलं आणि प्रोग्राम त्यावर चालवण्याचं काम माझ्याकडे आलं.

वेक्टर यंत्र म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. साधा संगणक एक बेरीज करतो, निकाल लिहितो, मग पुढची बेरीज करतो. वेक्टर यंत्र चौसष्ट आकडे एकदम उचलतं, चौसष्ट बेरजा एकदम करतं आणि चौसष्ट निकाल एकदम लिहून टाकतं. काम पटकन होतं, पण एका अटीवर. त्या चौसष्टांतल्या कोणालाही दुसऱ्याच्या निकालाची गरज नसावी.

समजा, एका हौदाची पातळी पाटीवर लिहिलेली आहे. दोन माणसं आपापलं पाणी घेऊन येतात. दोघंही आधी पाटी वाचतात: दहा. पहिला आपले तीन मिळवतो आणि तेरा लिहितो. दुसऱ्यानेही दहाच वाचलेले असतात. तो आपले दोन मिळवतो आणि तेरा पुसून बारा लिहितो. पाटीवर शेवटी बारा राहतात. पहिल्याचं पाणी कुठेच राहत नाही.

कंपायलर, म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, सावध असतो. दोन नाले एकाच हौदात पडतात की नाही हे त्याला आधी कळू शकत नाही, म्हणून असा भाग तो एकदम चालवायला नकार देतो. मग आपण त्या भागाच्या वर एक ओळ लिहायची. दिसायला ती नुसती टीप असते, ती कसलंही गणित करत नाही. तिचा अर्थ एवढाच, की इथे एकाचं काही दुसऱ्यावर अवलंबून नाही, हे मी माझ्या जबाबदारीवर सांगते. कंपायलर ते ऐकतो. खरं की खोटं हे तपासायची सोय त्याच्याकडे नाही.

ती ओळ मी लिहिली. वेक्टर यंत्रावर तोवर एक्केचाळीस मिनिटं लागणारं काम एकोणीस मिनिटांवर आलं.

तपासणीत जुना आणि नवा प्रोग्राम एका जुन्या पावसावर चालवून पाहिले. शहराचे आम्ही चार हजार चौकोन पाडले होते. एक सोडून सगळे चौकोन जुळले. त्या एकात तिसऱ्या दशांश स्थळी फरक होता. वेक्टर यंत्रावर बेरजांचा क्रम बदलतो, क्रम बदलला की शेवटचे अंक थोडे हलतात. हे आमच्या कामातलं प्रत्येकाला माहीत असतं. मी अहवालात लिहिलं, "फरक अपेक्षित मर्यादेत." सरांनी खाली सही केली. सरांच्या घरी काकूंनी त्या रविवारी पुरणपोळी केली.

तो चौकोन नाल्याच्या वळणावरचा होता. तिथे उत्तरेचा आणि पूर्वेचा असे दोन नाले मिळतात. आम्ही तपासणीला घेतलेल्या त्या पावसात पूर्वेचा नाला जवळजवळ कोरडा होता.

२७ जुलैला उत्तरेच्या टेकडीवरच्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रातून तीन पस्तीसला फोन आला. तिथलं आपोआप मोजणारं यंत्र वीज गेल्याने बंद पडलं होतं. हाताने मोजून तिथला कर्मचारी सुखदेव याने आकडा सांगितला: एका तासात एकाहत्तर मिलिमीटर. फोन मीच घेतला. मीच आकडा भरला. चार वाजायच्या आत यादी निघाली. साठ सेंटिमीटरपेक्षा जास्त पाणी येईल अशा चौदा वस्त्या यादीत होत्या आणि त्या चौदाही रिकाम्या झाल्या. वळणावरच्या बस्तीसमोर प्रोग्रामने अडतीस सेंटिमीटर लिहिलं होतं. ती यादीत नव्हती.

अडतीस सेंटिमीटर पाण्यात ते पाऊण मीटरचं दार बाहेर ढकलायला साधारण चोपन्न किलोचा जोर लागतो. एक माणूस तेवढा लावू शकतो. एकशे बेचाळीसला साडेसातशे किलो लागतो.

चौकशी समिती नेमली गेली. तिने आम्हाला उलटं गणित करायला सांगितलं: बस्तीत प्रत्यक्षात एकशे बेचाळीस आलं, तर पाऊस किती पडला असेल? ते मी ऑगस्टमध्ये केलं. त्याच प्रोग्रामवर. उत्तर आलं, एकशे अठरा मिलिमीटर. सुखदेवने एकाहत्तर सांगितलं होतं. समितीला आणखी काही नको होतं. माणूस पावसात बाहेर पडलाच नाही, अंदाजे आकडा ठोकून दिला, असा निष्कर्ष निघाला. तो बावीस वर्षं रोजंदारीवर होता आणि त्याला कायम करण्याची फाइल नुकतीच पुढे सरकली होती. ती थांबली. त्याला घरी बसवलं, आणि सात माणसं सुखदेवने मारली असं वर्तमानपत्रात नाव न घेता आणि बस्तीत नाव घेऊन बोललं जाऊ लागलं.

तो दर सोमवारी संस्थेच्या फाटकावर येई. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली नोंदवही. आत सोडत नसत. मी एकदा रिक्षातून उतरत असताना त्याने मला गाठलं.

"मैडमजी, आपने ही फोन उठाया था ना? ये देखो."

नोंदवहीत २७ जुलैच्या ओळीत चार आकडे होते: वीस, वीस, वीस, अकरा. पर्जन्यमापकातल्या बाटलीतलं पाणी मोजायचा ग्लास वीस मिलिमीटरचा असतो. त्याने चार वेळा भरून मोजलं होतं आणि प्रत्येक ग्लासाचा आकडा वेगळा लिहून मग बेरीज केली होती.

"और बोतल देखो जी. अंदर की बोतल में सौ से ऊपर समाता ही नहीं. एक सौ अठारह गिरता तो छलकता. नहीं छलका. मैंने समिती को बोला, तो बोले, तू झूठ बोल रहा है. मैं झूठ बोल सकता हूँ, मैडमजी, बोतल तो नहीं बोल सकती."

मी त्याला सांगितलं की बघते. सगळे त्याला हेच सांगत होते.

पण बाटलीचा मुद्दा बरोबर होता. खरंच एकशे अठरा पडला असेल, तर पाणी सगळीकडेच वाढलं असणार, एकट्या बस्तीत नाही. म्हणून मी मोजपट्टी घेऊन निघाले. नाल्याकाठच्या अकरा ठिकाणच्या रेघा मोजल्या. दहा ठिकाणी रेघ एकाहत्तरशी जुळली. एकशे अठरा पडला असता, तर त्या दहा ठिकाणी छपराला पाणी लागलं असतं. अकरावी रेघ ती, खुंट्यांच्या खालची.

म्हणजे चूक पावसात नव्हती. चूक एका चौकोनात होती. दोन नाले मिळतात त्या चौकोनात.

घरी येऊन मी अंघोळ केली, मग प्रोग्रामची ती पानं काढली. ओळ सापडायला चार मिनिटं लागली. ती कुठे आहे हे मला ठाऊकच होतं.

दुरुस्ती अवघड नव्हती. एकाच चौकोनात पडणारे नाले वेगवेगळ्या गटांत टाकायचे, म्हणजे ते एका चौसष्टात कधी येणार नाहीत. दोन दिवसांचं काम. सुधारलेला प्रोग्राम मी एकाहत्तर मिलिमीटरवर चालवला. बस्तीसमोर एकशे एकोणचाळीस सेंटिमीटर आलं. वेळ लागला तेवीस मिनिटं.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मी विद्याधर नगरला सरांकडे गेले. काकूंनी गोळाभात केला होता. दारातच त्या म्हणाल्या, "अगं बाई, किती वाळली तू! वैशाली नगरात काय अन्न मिळत नाही का? यांना सांगत होती मी, पोरीले जास्त काम देऊन राहिले तुम्ही."

"तिला मी काम देत नाही, ती माझ्याकडून काढून घेते," सर म्हणाले. "बस चारू. आधी जेव, मग बोल. उपाशी पोटी मी फक्त वित्त विभागाचं ऐकतो."

जेवण झाल्यावर काकू आत गेल्या आणि मी सरांना जुन्या आणि सुधारलेल्या निकालांचे दोन्ही कागद दाखवले. सरांनी चष्मा वर ढकलला. आकडे वाचायला त्यांना कधीच वेळ लागत नसे. त्या दिवशी लागला.

"किती जणांना सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"तुम्हालाच."

"बरं केलं." ते बराच वेळ शेंगा सोलत राहिले. खात नव्हते, नुसते दाणे वाटीत टाकत होते. मग म्हणाले, "एक गोष्ट लक्षात घे. जुना प्रोग्राम बरोबर होता, पण तो तीन तास दहा मिनिटं घेतो. पावणेसात वाजले असते. पाणी पाच चाळीसला आलं. तुझी ओळ नसती तरी ते लोक वाचले नसते. बाकीच्या चौदा वस्त्या वाचल्या त्या तुझ्यामुळे. हा हिशेब पण मांड ना कधी."

हे मी स्वतःला तीन आठवडे सांगत होते. दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ते किती पोकळ आहे ते कळलं.

"सर, ओळ नसती तर वेक्टर यंत्रावर एक्केचाळीस मिनिटंच लागली असती, आणि सुधारलेला तर तेवीस मिनिटांत चालतो," मी म्हणाले. "तेव्हाच तसा लिहिला असता, तर यादी चार वाजून दोन-चार मिनिटांनी निघाली असती. दोन दिवसांचं काम होतं."

आत काकूंनी नळ सोडला, बंद केला.

"अहवालावर माझी सही आहे," शेवटी ते म्हणाले. "मे महिन्यात मी निवृत्त होऊन राहिलो. हे मी तुला अडवायला नाही सांगत, चारू. फक्त सांगतो. सुखदेवचं मी पाहतो. समितीत माझा शब्द आहे. पुराव्याअभावी सोडून देतील, कुठेतरी चिकटवून देऊ त्याला. तू दुरुस्ती टाकून दे. शेरा लिही, किरकोळ सुधारणा."

मी तसं लिहिलं. स्वतःच्या हाताने, सोमवारी सकाळी साडेदहा वाजता. किरकोळ सुधारणा.

त्यानंतरच्या महिन्यांबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. सुनावणी डिसेंबरमध्ये ठरली आणि पुढे ढकलली गेली. फेब्रुवारीत ठरली आणि पुन्हा ढकलली गेली. दोन्ही वेळा मला बरं वाटलं. सुखदेव एका तंबूवाल्याकडे लग्नांच्या खुर्च्या उचलायला लागला होता. सोमवारी मात्र फाटकावर येई. मी रिक्षा मागच्या फाटकाशी थांबवायला सुरुवात केली. सरांनी त्याच्यासाठी काही केलं असेलही. मी विचारलं नाही. विचारलं असतं, तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

एप्रिलमध्ये नवीन यंत्र आलं. प्रोग्राम त्यावर नेण्याचं काम परीक्षितकडे होतं. परीक्षित पुण्याचा, चोवीस वर्षांचा. गोपालपुऱ्यात एका कोचिंगच्या वसतिगृहाच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचा. "मॅडम, आमच्या इमारतीत एकशे चाळीस पोरं आयआयटीची तयारी करतात," तो सांगायचा, "आणि पाण्याचा पंप चालू करायचा कसा ते एकालाही माहीत नाही. रोज मीच करतो."

त्या दिवशी तो कागदी पुडीत कचोऱ्या घेऊनच माझ्या टेबलाशी आला.

"मॅडम, पार्टी. खरं तर तुम्ही द्यायला पाहिजे, पण मी मोठ्या मनाचा आहे."

"कशाबद्दल?"

"तुमचा बग पकडला. तुमचा! चारुलता मॅडमचा! मी घरी फोन करून सांगितलं आईला."

मी कचोरी हातात घेतली होती, ती खाली ठेवली.

तो खुर्ची ओढून बसला. "नवीन मशीनवर गेल्या जुलैच्या पावसाचे सगळे निकाल प्रमाणित निकालांशी ताडून बघत होतो. चार हजार चौकोन. एक सोडून सगळे जुळले. त्या एकात सरळ एका मीटरचा फरक! म्हटलं, नवीन मशीन गंडलं. मग बघतो तर तुम्ही ऑक्टोबरात काहीतरी बदल केलाय. किरकोळ सुधारणा. ती काढली, आणि मॅडम, सहाव्या दशांशापर्यंत जुळलं! शिवाय प्रोग्राम पण जरा फास्ट झाला. म्हणजे दोन्हीकडून फायदा."

"जुना निकाल बरोबर कशावरून?" मी विचारलं.

तो हसला. मी त्याची परीक्षा घेते आहे असं त्याला वाटलं. "कारण त्यावर हरकरे सरांची सही आहे. चौकशीत पण तोच वापरला ना? आणि तुम्हीच तर शिकवलंत मला पहिल्या दिवशी. शंका आली की प्रमाणित निकालाशी ताडून बघ, स्वतःच्या हुशारीवर जाऊ नको." मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून तो जरा वरमला. "मॅडम, रागावलात का? किरकोळच होतं. कोणाकडूनही होतं."

"पुढे पाठवलंस?"

"सकाळीच. स्वीकृतीचं पत्र पण आलं."

त्याची काही चूक नव्हती. त्याने नेमकं तेच केलं होतं जे आमच्या कामात करतात. दोन उत्तरं वेगळी आली तर सही असलेलं धरायचं. मी खरं उत्तर गुपचूप ठेवलं होतं, आणि गुपचूप ठेवलेलं उत्तर चूक म्हणून काढून टाकलं गेलं. पावसाळ्याला आठ आठवडे होते. वळणावरच्या त्या खोलीला भाडेकरू मिळाला होता, हे मला ठाऊक होतं. मी मार्चमध्ये तिकडे जाऊन आले होते. नवीन लोकांनी भिंतीला निळा रंग दिला होता. रेघ त्यातूनही अंधूक दिसत होती.

मी सरांच्या खोलीत गेले. सरांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"सुनावणी सतरा मेला आहे," ते म्हणाले. "ती होऊन जाऊ दे. मग हळूच परत टाकून दे."

"परत टाकली की परत कोणीतरी काढेल, सर. जोवर सही जुन्यावर आहे तोवर."

"तेव्हा मी इथे नसेन," सर म्हणाले. हे त्यांनी कडवटपणे म्हटलं नाही. एखाद्या थकलेल्या माणसाने गाडीची वेळ सांगावी तसं म्हटलं.

"आणि सुखदेव?"

त्यांनी टेबलावरचे कागद सारखे केले. "समितीला कोणाचं तरी नाव लागतं, चारू. मी बोललो त्यांच्याशी. दोनदा बोललो. नाव नाही दिलं तर फाइल बंद होत नाही."

सतरा मेला सकाळी अकरा वाजता आम्ही दुसऱ्या मजल्यावरच्या बैठकीच्या खोलीत जमलो. कूलरचा आवाज इतका होता की अध्यक्षांनी तो बंद करायला सांगितला, आणि पाच मिनिटांनी उकाड्यामुळे पुन्हा चालू करायला सांगितला. समितीचे तिघे एका बाजूला होते. त्यांच्या शेजारी तज्ज्ञ म्हणून सर. परीक्षित भिंतीवर आकडे दाखवण्यासाठी कोपऱ्यात बसला होता. सुखदेव दाराजवळच्या खुर्चीच्या कडेवर बसला होता. त्याने पांढरा इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि मांडीवर पिशवी होती. कामकाज हिंदीत चाललं. मी ते मला आठवतं तसं मराठीत लिहिते.

आरोप वाचून दाखवल्यावर अध्यक्षांनी त्याला विचारलं, काही सांगायचं आहे का.

सुखदेवने पिशवीतून पर्जन्यमापकातली बाटली काढली. तीच, गढूळ झालेली, प्लॅस्टिकची. "साहेब, ही मी आणली आहे. तुमच्या त्या जगमधलं पाणी ग्लासाने मोजून यात भरू द्या. एकशे अठरा यात मावत नाही. तुम्हीच भरा, मी हातही लावत नाही."

"हे काय आहे?" अध्यक्ष म्हणाले. "संस्थेची वस्तू घरी नेलीस?"

समितीतला एक जण हसला.

"घरी नाही नेली, साहेब. आज सकाळी चौकीदाराला सांगून आणली. संध्याकाळी ठेवतो परत."

"ठेव खाली. इथे विज्ञानाचे लोक बसलेत, त्यांना बाटली दाखवतोस?" अध्यक्षांनी सरांकडे पाहिलं. "हरकरेजी, एकशे अठरा हा आकडा संगणकाने काढलेला आहे ना?"

"हो," सर म्हणाले.

"संगणकात चूक होऊ शकते?"

सरांनी पाण्याचा ग्लास उचलला, प्यायले नाहीत. "प्रोग्राम प्रमाणित आहे," ते म्हणाले.

सुखदेवने बाटली पायाशी ठेवली. ती कलंडली, त्याने सरळ केली. पुन्हा कलंडली. मग त्याने ती दोन्ही पावलांमध्ये धरून ठेवली आणि मान खाली घातली. आठ महिने हा माणूस फाटकावर येत होता आणि त्याच्याजवळ सांगण्यासारखं जेवढं होतं ते सगळं आता सांगून झालं होतं. वीस, वीस, वीस, अकरा. आपली ही गत कोणत्या ओळीने केली ते त्याला कधीच कळलं नसतं. ती ओळ वाचता येणारी माणसं त्या खोलीत तीन होती.

"चारुलताजी," अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही फक्त नोंदीसाठी. हे उलटं गणित तुमचं आहे का? हो किंवा नाही, एवढंच पुरे."

परीक्षितने भिंतीवर माझा ऑगस्टचा कागद लावला. मोठा दिसत होता. खाली माझी सही.

मी उभी राहिले. उभं राहण्याची गरज नव्हती. काय म्हणायचं ते मी इंग्रजीत लिहून आणलं होतं, दोन पानं, आकृतीसह. ती पर्समध्ये होती.

"हो म्हण, चारू," सर मराठीत म्हणाले, इतक्या हळू की कूलरच्या आवाजात ते फक्त मला ऐकू आलं.

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहत नव्हते. सुखदेवच्या पावलांमधल्या त्या बाटलीकडे पाहत होते.

"हो, माझंच आहे," मी म्हणाले, "आणि ते चूक आहे. सुखदेवजींचा एकाहत्तर बरोबर होता. पूर्वेच्या नाल्याचं पाणी मी लिहिलेल्या एका ओळीने गाळलं. हे मला सप्टेंबरपासून माहीत आहे."